आरपारचा शेवटचा अंक

१

हे कुणाला सांगायचं नाही, असं मी कबूल केलंय. जिनं कबूल करून घेतलं, ती माझ्यावर फार चिडणार आहे. म्हणून मी माझ्याबद्दल काहीच सांगत नाही. एका मुलीबद्दल सांगते. तेवढं तरी कबुलीला धरून होईल.

या मुलीला एक माणूस पुटपुटी म्हणायचा. वाचताना तिचे ओठ हलतात, म्हणून. बाकी कुणी तिला त्या नावानं हाक मारत नसे. खरं तर तिला कुणी फारशी हाकच मारत नसे. वर्गात ती भिंतीकडेच्या बाकावर बसायची आणि हजेरी घेतानाही बाईंना ‘हजर’ ऐकू जायचं नाही.

तिच्या शाळेत जिन्याखाली एक खोली होती. दारावर ‘वाचनखोली’ असं लिहिलेलं, पण मुलं तिला ‘गॅरेज’ म्हणायची. बिघडलेल्या गाड्या जशा दुरुस्तीला लावतात, तशी पुस्तक बघून पळ काढणारी मुलं तिथं लावली जायची. त्यांच्यासाठी एका कपाटात खास कॉमिक्स ठेवलेली होती. कुणा हौशी चित्रकला-मास्तरांनी ती फार पूर्वी काढून मोजक्या शाळांपुरती छापून घेतली होती. दुकानात ती कधी आलीच नाहीत.

त्यांतल्या नायकाचं नाव आरपार. अंगावर राखाडी झगा. त्याची शक्ती एकच, भिंतीतून पलीकडे जाणं. पण त्यालाही एक अट होती. भिंतीच्या पलीकडून कुणीतरी त्याच्याशी बोलत राहिलं पाहिजे. बोलणं थांबलं की आरपार होता तिथंच अडकायचा. पलीकडून बोलणारी एक मुलगी होती. ती कोणत्याच अंकात दिसत नसे. तिच्या बोलण्याचा पांढरा फुगा तेवढा भिंतीतून आलेला असायचा. मुलं तिला नुसतं ‘पलीकडची’ म्हणायची.

गंमत पुढेच आहे. प्रत्येक अंकाच्या दोन प्रती असत. चित्रं तीच. पण एका प्रतीत फक्त पांढऱ्या फुग्यांत शब्द, पिवळे रिकामे. दुसरीत फक्त पिवळ्यांत शब्द, म्हणजे आरपारच्या बोलण्यात. पिवळी प्रत वाचायला घाबरणाऱ्या मुलाला द्यायची, पांढरी त्याच्या जोडीदाराला. दोघांमध्ये एक फळी उभी करायची. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं ऐकायचं, मग उलट. जोडीदाराला समोरच्याचे शब्द दिसायचेच नाहीत, त्यामुळे घाई करून सांगून टाकायची सोयच नव्हती.

वाचनखोलीच्या बाईंचा नियम एकच होता. “थांबायचं. कितीही वेळ लागो. तो वाचेपर्यंत आपण आपलं थांबायचं.”

शब्द अडला तर त्याची अक्षरं बोटानं फळीवर वाजवायची, एका अक्षराला एक टकटक, आणि मग शब्द म्हणायचा. पुटपुटीला वाचायला येत होतं. ती गॅरेजमध्ये गेली ती जोडीदार म्हणून.

पिवळी प्रत तिच्या दादाकडे होती.

२

दादा तिच्याहून मोठा, पण अक्षरांनी त्याला एका वर्गात दोनदा बसवलं होतं. आई चष्म्याच्या दुकानात कामाला. आपल्या मुलाच्या डोळ्यांतच काहीतरी असणार, अशी तिची खात्री. दुकानातली झाडून सगळी भिंगं तिनं त्याच्या डोळ्यांसमोर धरून पाहिली. शेवटी डॉक्टर म्हणाले, “अहो, याला समोरच्या दुकानाच्या पाटीवरची मुंगीसुद्धा दिसते. डोळ्यांचा नाद सोडा.”

बाबा घरोघर फिरून विजेचे मीटर वाचायचे. “या घरात वाचून पोट भरणारा मी एकटाच,” असं ते म्हणायचे, “आणि तेही आकडे.”

घरी भावंडांची एकच खोली होती. बाबांनी तिच्यात मधोमध प्लायवूडचं पार्टिशन घालून दोन केल्या. खिडकीकडची दादाची, दाराकडची तिची. शाळेतून आल्यावर दोघं आपापल्या बाजूला पार्टिशनला पाठ टेकून बसायची आणि बाईंकडून आणलेला अंक वाचायची.

“ए पुटपुटे, झालं का तुझं?”

“कधीच. तुझी पाळी.”

“थांब गं. हा शब्द माझ्याकडे बघून हसतोय.”

मग टकटक सुरू. तो शब्द म्हणण्याआधी नाकातून ‘हं’ असा आवाज काढायचा, जड पोतं उचलण्याआधी हमाल काढतात तसा. तिच्या नावाचीही तो अक्षरं वाजवायचा. टक टक, मग जरा थांबून, टक टक. ‘पु’ आत्ताच तर येऊन गेला, परत कसा काय, म्हणून तो मधे अडायचा. पुढे अडणं गेलं, पण मधलं थांबणं तसंच राहिलं. ती जेवायच्या ताटावरून उठावी, दिवा मालवावा, रुसवा सोडावा, सगळ्याला तीच एक खूण.

कपाटातला शेवटचा अंक असा संपत होता की आरपार भिंतीत निम्मा गेलेला, आणि पलीकडचीच्या फुग्यात नुसते ठिपके. ती गप्प झालेली. खाली ‘पुढच्या अंकात’. आणि पुढचा अंक शाळेत आलाच नव्हता.

दादा भयंकर संतापला. “माणसाला भिंतीत सोडून जातात का कुणी? निदान एक हात तरी बाहेर ठेवायचा!” मग पार्टिशनवर धपका मारून म्हणाला, “सगळा दोष तुझा. तूच गप्प बसलीस.”

“मी कुठे? छापलंच नाही तर मी काय वाचू?”

“मनाचं बोलायचं. मी तिथं उभा आहे ना.”

गेल्या वर्षी दादाला ताप आला आणि तो डोक्यात गेला. इस्पितळात काचेच्या दरवाजापलीकडे मुलांना सोडत नव्हते. पुटपुटी खाली बाकावर बसून राहायची. बाबा एकदा खाली येऊन तिच्याशेजारी बसले आणि म्हणाले, “सारखा पलंगाच्या दांडीवर बोट आपटतोय गं. नर्स म्हणते, तापामुळे होतं.”

“कसं आपटतोय?”

बाबांनी बाकावर वाजवून दाखवलं. टक टक. टक टक.

तिला वर सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी वर जाण्यासारखं काही उरलं नव्हतं.

३

या वर्षी गॅरेज बंद करायचं ठरलं. बाईंनी पुटपुटीला कपाट आवरायला बोलावलं. तिथं आता संगणक येणार होते. सगळ्यात खालच्या कप्प्यातला पिवळा पडलेला कागद ओढून काढला तर त्याखाली एक अंक निघाला. मुखपृष्ठावर भिंत आणि भिंतीत निम्मा आरपार. त्याखाली लिहिलेलं : शेवटचा अंक.

“अगं बाई,” बाई म्हणाल्या आणि खाली बसल्याच. “म्हणजे आला होता.”

एकच प्रत होती. पांढरी. पिवळ्या फुग्यांत काही नाही.

“बाई, मी घरी नेऊ?”

बाईंना दादा ठाऊक होता. त्यांनी अंकावरची धूळ हातानं पुसली. “ने. पण परत आण हं. जुनी कॉमिक्स जमवणारे एक गृहस्थ माझ्या मागे लागलेत. सगळं कपाट त्यांना द्यायचं ठरलंय.”

घरी दुपारी कुणी नसे. ती आपल्या बाजूला पार्टिशनला पाठ लावून बसली. पलीकडे आता दादाची घडीची खाट दुमडून ठेवलेली होती आणि आईचं इस्त्रीचं टेबल. तिनं पहिलं पान उघडलं. अंधारलेली भिंत. पांढरा फुगा.

“मी आहे. ऐकू येतं का?” तिनं वाचलं.

मग ती थांबली. मुद्दाम नाही. इतकी वर्षं तसंच वाचलेलं, आपलं वाक्य झालं की थांबायचं. सवयच ती. बाहेर कुणाचातरी नळ चालू होता. खिडकीवरची कबुतरं घुमत होती. ती थांबून राहिली. आपण कुणाची वाट बघतोय, हे लक्षात यायला तिला उशीर झाला, आणि ते लक्षात येतंय तोवर पाठीमागच्या प्लायवूडमध्ये बारीक आवाज झाला.

टक टक.

ये-तं.

ती उठली, वळसा घालून पलीकडे गेली. खाट. इस्त्रीचं टेबल. टेबलावर बाबांचा एक शर्ट. तिनं खाट हलवून पाहिली, खिडकीची कडी लावून पाहिली. दुपारचं ऊन सरलं की प्लायवूड आकसतं, असं तिनं स्वतःला सांगितलं. शिवाय भिंतीत पाण्याचा पाइप असेल. असतोच कुठंतरी.

मग ती परत आपल्या जागी येऊन बसली. इतक्या घाईनं की गुडघा दाराला आपटला.

“कुठे आहेस?” तिनं पुढचा फुगा वाचला.

या वेळी आधी काहीच नाही. मग, अगदी हलकं, ‘हं’. आणि तीन टकटक.

भिं-ती-त.

४

भूतबित तिच्या मनात आलं नाही, असं कुणाला वाटेल की नाही ठाऊक नाही. पण खरंच आलं नाही. तिला इतकं बरं वाटत होतं की भीतीला जागाच नव्हती. वर्षभर घरातला प्रत्येक जण दादाचा विषय आला की पंखा बंद कर, दूध उतू जाईल, असलं काहीतरी बोलायचा. आणि इथं रोज दुपारी कुणीतरी शब्दाशी झटत होतं. तिच्यासाठी.

तिनं ठरवलं, अंक पुरवून पुरवून वाचायचा. रोज एकच पान. गोळी चघळावी, तसा. शेवटचं पान तर तिनं कागदात गुंडाळून क्लिप लावून टाकलं, चुकूनही उघडायला नको म्हणून.

तिचं शंकेखोर डोकं गप्प बसत नव्हतं. ते म्हणायचं, काय वाजणार हे तुलाच ठाऊक असतं, म्हणून तुला तसं ऐकू येतं. ‘ऐकू येतं का’ला ‘येतं’ हे कुणीही सांगेल.

हे तिला पटत होतं. पण मग ते पान आलं. चित्रात आरपारचा तळवा भिंतीवर टेकलेला. पलीकडची विचारते, “भिंत फार जाड आहे का?”

‘हो’, असं उत्तर येणार. एक टकटक. फार तर ‘हो, खूप’. ती थांबली.

टक टक. टक टक. टक टक.

दोन, दोन, दोन. यात काही बसेना. तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. दोन, दोन, दोन. रात्री जेवताना ती ताटाच्या कडेवर बोटानं वाजवत होती. आई म्हणाली, “काय वाजवतेस गं?” आणि मग आईचा घास हातातच राहिला.

“काही नाही,” पुटपुटी म्हणाली.

शेवटी तिनं स्वतःची समजूत घातली, की बघ, अर्थ लागत नाही म्हणजे लाकूडच आहे. हे बोलताना तिला रडू का येत होतं, ते डोक्यानं सांगितलं नाही.

५

कॉमिक्स जमवणारे गृहस्थ शाळेत आले तेव्हा बाईंनी तिला अंक घेऊन बोलावलं. ते गोल, घामेजलेले आणि फार आनंदात होते. हातात पांढरे सुती मोजे.

“हीच का ती! बेटा, तुला कल्पना नाही तुझ्या दप्तरात काय आहे. माझ्याकडे या अंकाची पिवळी प्रत वर्षानुवर्षं पडून आहे. अर्धंच संभाषण! फोनवर दुसऱ्याचं बोलणं ऐकावं तसं. सांगा, माणसाला झोप कशी लागेल?”

“तुम्हाला झोप लागत नाही हे तुमच्या सौभाग्यवतींनीही सांगितलं फोनवर,” बाई म्हणाल्या.

त्यांनी पिवळी प्रत काढून टेबलावर पांढरीच्या शेजारी ठेवली आणि पानं लावायला सुरुवात केली. पहिला पिवळा फुगा : येतं. पुढचा : भिंतीत. पुटपुटीनं टेबलाची कड धरली. मग तळव्याचं चित्र आलं.

“भिंत फार जाड आहे का?” गृहस्थांनी पांढऱ्या प्रतीतून मोठ्यानं वाचलं, मग पिवळीत बोट ठेवलं. “अच्छा! आत्ता उलगडलं. यावर तो म्हणतो, ‘नाही. मऊ आहे.’”

ना-ही. म-ऊ. आ-हे.

“काय गं?” बाईंनी विचारलं. “बस, बस जरा.”

गृहस्थ शेवटच्या पानापाशी पोचले आणि पांढरीवरची क्लिप बघून थबकले. “हे काय? तू वाचलं नाहीस? अगं, मला त्याचीच तर उत्सुकता! माझ्या प्रतीत शेवटी फक्त एक हात आहे बघ, भिंतीतून बाहेर आलेला. आणि पिवळ्या फुग्यात, ‘आता तू ये.’ संपलं. यावर ती काय म्हणते? तुझ्याकडे आहे ना ते!”

त्यांनी क्लिपला हात घातला. पुटपुटी ओरडली. शाळेत तिचा एवढा मोठा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. तिनंही नाही.

बाईंनी अंक मिटून तिच्या हातात दिला. “तिला आधी वाचू दे. तुम्ही एवढी वर्षं थांबलात, आणखी चार दिवस थांबा. आमच्याकडे तोच नियम आहे.”

६

घरी येऊन तिनं दप्तरही न काढता पार्टिशनवर हात ठेवला. खांद्याच्या उंचीवर, जिथं पलीकडून तो टेकायचा. प्लायवूड थंड होतं. तिनं बोट दाबलं. बोट किंचित आत गेलं. काढलं तेव्हा खळगा राहिला, आणि तो बघता बघता हळूहळू भरून आला.

ती खाली बसली. वाचायचं नाही, असं ठरवूनच बसली होती. मग वाचायला लागली.

“मी आहे. ऐकू येतं का?”

टक टक.

“कोण आहे तिकडे?”

हे आईनं विचारलं होतं. डोकं दुखतंय म्हणून ती दुकानातून लवकर आली होती. दारात उभी, हातात पिशवी, पायात चपला.

“कुणी नाही.”

“मग वाजवतंय कोण?”

पुटपुटीनं अंक पुढे केला. तिला नीट सांगता येईना. पण आईला सांगायला फार लागलंच नाही. दादाची टकटक तिनं स्वयंपाकघरातून इतकी वर्षं ऐकली होती. ती तशीच जमिनीवर बसली, चष्मा पुसून घातला आणि म्हणाली, “दे. मी वाचते.”

दुकानात ती गिऱ्हाइकांकडून अक्षरांचा तक्ता वाचून घ्यायची. तिचा आवाज तसाच लागला, स्पष्ट आणि धीराचा. “मी आहे. ऐकू येतं का?”

काही नाही.

“मी आहे रे. ऐकू येतं ना?”

कबुतरं. नळ.

“अरे, मी आहे,” आई म्हणाली. हे अंकात नव्हतं. “ऐक ना. मी आहे.”

आईनं मग अंक पुटपुटीच्या मांडीवर ठेवला. “माझ्याशी नाही बोलत तो,” असं ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. भाजी संपली, असं सांगावं तसं. “तू वाच.”

पुटपुटीनं वाचलं. वाक्य पुरं व्हायच्या आतच उत्तर आलं. आईनं दोन्ही तळवे पार्टिशनवर ठेवले, तापात कपाळावर ठेवायची तसे, आणि डोळे मिटले.

त्या दिवशी तिनं सांगितलं, “कुणाला सांगायचं नाही. बाबांनाही नाही. माझ्याजवळ कबूल कर.”

७

आता आई रोज लवकर यायची. पिशवी ठेवली न ठेवली की, “चल, बस.” तीच पानं पुन्हा वाचायची. भिंतीत. नाही, मऊ आहे. पलीकडून आवाज आता हलका येत नव्हता. पुटपुटीच्या पाठीला तो जाणवायचा, दोन खांद्यांच्या मधे. आणि तो थांबत नव्हता. तिनं तोंड उघडलं की टकटक सुरू. ज्या दादाला एका शब्दाला अर्धी दुपार लागायची, त्याला एवढी घाई कशाची झाली, हे तिला कळत नव्हतं. म्हणजे, कळत होतं. पिवळ्या प्रतीचं शेवटचं पान तिनं ऐकलं होतं. आईनं ऐकलं नव्हतं.

“ते क्लिप लावलेलं पान कसलं?” आईनं विचारलं.

“शेवटचं.”

“मग ते का वाचत नाही आपण?”

“संपेल ना.”

आईची नजर क्लिपवरून हलली नाही.

त्यातच बाबांनी रविवारी इस्त्रीचं टेबल काढायला म्हणून पलीकडे जाऊन पार्टिशनला हात टेकला. “अगं, हे बघितलंस का? सगळं प्लाय मऊ पडलंय. ओल कुठून येते कळत नाही, पाइप तर या बाजूला नाहीच.” त्यांनी अंगठा दाबला, काढला, आणि खळगा भरून येताना बघत राहिले. मग अंगठा शर्टाला पुसला, पुन्हा पुसला. “उद्या सुताराला बोलावतो. काढूनच टाकू.”

“नको,” आई म्हणाली.

“अगं, पण सडलंय ते.”

“नको म्हटलं ना.”

“किती दिवस दोन खोल्या ठेवणार आहोत आपण?” बाबांनी विचारलं. ओरडून नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग ते बाहेर गेले आणि त्यांनी फोनवर सुताराला सकाळी लवकर यायला सांगितलं.

दार लागल्याचा आवाज आला. आईनं पुटपुटीचा हात धरून तिला खाली बसवलं. क्लिप तिनंच काढली.

८

शेवटच्या पानावर एकच मोठं चित्र आहे.

आरपार दिसत नाही. भिंतीतून मनगटापर्यंत एक हात बाहेर आलेला आहे, तळवा वर करून. आणि अलीकडे, पहिल्यांदाच, ती आहे. पलीकडची. जमिनीवर बसलेली, आपल्याकडे पाठ, भिंतीला डोकं टेकलेलं. एक वेणी, तिची रिबीन सुटलेली. पुटपुटीच्या रिबिनी कधीच धड बांधलेल्या नसतात, पण तशा त्या पुष्कळ मुलींच्या नसतात. तिच्याशेजारी कुणीतरी उभं आहे, त्याचा फक्त काठ पानात आलाय, एक पाऊल. पायात चप्पल.

पिवळा फुगा अर्थातच रिकामा. पण पांढराही रिकामा. त्यात ठिपकेसुद्धा नाहीत.

“काहीच छापलेलं नाही,” पुटपुटी म्हणाली.

“मग मनाचं बोल,” आई म्हणाली. “तो तिथं उभा आहे ना.”

हे शब्द आईला कुठून मिळाले, ते पुटपुटीनं विचारलं नाही. स्वयंपाकघरात सगळं ऐकू जायचं.

“त्याला म्हण, ये. एवढंच म्हण, बाळा. तुझं ऐकतो तो.”

पुटपुटीनं तोंड उघडलं. पण आपलं वाक्य म्हणायच्या आधी जोडीदाराचं ऐकायचं असतं. चार टकटक झाल्या, सावकाश, पूर्वीसारख्या, प्रत्येक शब्द उचलून ठेवल्यासारख्या. आई आनंदानं रडायला लागली. तिनं विचारलं, “काय म्हणाला? काय म्हणाला गं तो?”

आ-ता-तू-ये.

“कळलं नाही,” पुटपुटी म्हणाली.

मग शांत झालं. इतकं शांत, की त्या मऊ प्लायवूडमागे कुणीतरी श्वाससुद्धा जपून घेतंय असं वाटावं. इतके दिवस त्याला घाई होती. आता नव्हती. तिच्या लक्षात आलं, आता पाळी तिची आहे, आणि तो थांबलाय. कितीही वेळ लागो. मधे सांगायचं नाही. तो बाईंचा नियम पाळतोय. त्याला शाळेतली एवढी एकच गोष्ट नीट यायची.

ती बोलली नाही. आई तिच्यावर चिडली नाही. नुसती उठली, पर्स घेतली आणि म्हणाली, “मी सुताराकडे जाऊन येते. त्याला येऊ नको म्हणून सांगते. तोवर तू विचार कर.”

म्हणून मी हे घाईघाईनं लिहून ठेवतेय. त्या मुलीबद्दल, म्हणजे. ती अजून पार्टिशनला पाठ लावून बसली आहे आणि पाठीला ते आता मुळीच थंड लागत नाही. काय म्हणायचं ते तिचं ठरत नाही. ‘नको’ म्हणावं, तर तो पुन्हा भिंतीत. गप्प बसावं, तरी भिंतीतच, आणि सुतार सकाळी करवत घेऊन येणार. आणि ‘येते’ म्हणावं, तर खाली बाकावर बसून राहायचं कायमचं संपेल. तिला खरंच तेवढंच हवं होतं, एकदा वर सोडावं, काचेच्या

टक टक.

बाबा नाहीत, ते उशिरा येतात. आईच असेल, किल्ली विसरली असेल.

टक टक.

आता हाकही मारली. आईच. पण आई मला त्या नावानं कधी